गुण चांगले, पण टॉपर नाही. मग कॉलेजांची यादी कशी कराल?

बारावीला 86 टक्के, सीईटीला 91 पर्सेंटाइल. पेढे वाटून झाले आहेत. वरच्या मजल्यावरच्या काकू विचारून गेल्या, "मग आता पुणं की मुंबई?" मामाचा फोन आला, त्याच्या साहेबांचा मुलगा सीओईपीला आहे म्हणे. इकडे तुमची मुलगी मोबाइलवर एकेक कॉलेज उघडून बघते आहे आणि तिचा चेहरा उतरत चालला आहे. आठवीपासून जी नावं कानावर पडली, त्या सगळ्यांचे कटऑफ तिच्या आकड्याच्या बरेच वर आहेत.

99 च्या पुढे असलेल्या मुलांना फारशी शोधाशोध करावी लागत नाही. खरा गोंधळ उडतो तो साधारण 85 ते 96 या पट्ट्यात. इथली मुलं हुशार असतात, मेहनती असतात. पण त्यांच्यासाठी कोणती कॉलेजं योग्य हे सांगणारं कुणी भेटत नाही. मग काही घरांत चार मोठ्या नावांचा हट्ट धरला जातो आणि शेवटच्या फेरीत हाती लागेल ते घ्यावं लागतं. काही घरांत उलट होतं. पालक धास्तावतात, पहिल्याच आठवड्यात कुणाच्या तरी ओळखीने संस्थास्तरावरची जागा 'पक्की' करतात आणि ऑगस्टमध्ये कळतं, की याहून चांगलं कॉलेज रीतसर, कमी फीमध्ये मिळत होतं. चार वर्षं आणि दहा-बारा लाख रुपये पणाला लागलेले असताना हे परवडणारं नाही.

प्रवेशाची पद्धत प्रत्येक अभ्यासक्रमाची वेगळी असते. इथे आपण महाराष्ट्रातल्या इंजिनीअरिंग प्रवेशाबद्दल बोलू, कारण त्यातले मागच्या वर्षांचे आकडे सगळ्यांना बघायला मिळतात आणि तरीही फार थोडे पालक ते बघतात.

91 म्हणजे नक्की कुठे?

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हे आता बहुतेकांना माहीत असतं. तरी मनातल्या मनात आपण 91 ला 'नव्वदच्या वर' म्हणूनच मोजतो. 91 पर्सेंटाइलचा अर्थ एवढाच, की परीक्षा दिलेल्या दर शंभरातली 91 मुलं तुमच्या मुलीच्या बरोबरीला किंवा मागे आहेत. 2025 मध्ये एमएचटी-सीईटीच्या पीसीएम गटाला चार लाखांहून जास्त मुलं बसली होती. म्हणजे 91 ला तिच्या पुढे 36 हजारांच्या वर मुलं उभी आहेत आणि एकेका पर्सेंटाइलमध्ये चार हजार. 91 आणि 93 मध्ये आपल्याला दोनाचा फरक दिसतो, प्रवेशाच्या रांगेत तो आठ हजार मुलांचा असतो.

आता दुसरी बाजू पाहा. राज्यात इंजिनीअरिंगच्या जागा दोन लाखांच्या घरात आहेत. त्यामुळे 36 हजारांनंतरच्या मुलीला प्रवेश मिळणार की नाही, हा प्रश्नच नाही. तो मिळणारच आहे. प्रश्न आहे तो कुठे आणि कशात, एवढाच. घरातल्या चर्चेची सुरुवात या वाक्याने केलीत, तर अर्धा ताण तिथेच उतरेल.

बारावीचे 86 टक्के मात्र इथे फार उपयोगाला येत नाहीत. पीसीएमला खुल्या गटासाठी 45 आणि राखीव गटांसाठी 40 टक्के एवढी पात्रता पुरी केली, की पुढची गुणवत्ता यादी सीईटीवर लागते. जेईई मेन दिली असेल तर तो आकडाही हाताशी ठेवा. खासगी विनाअनुदानित कॉलेजांत 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यातून भरतात आणि तिथे जेईईचा स्कोअर आधी पाहिला जातो. सीईटी फसली पण जेईई बरी गेली, अशी मुलं दरवर्षी असतात आणि त्यांतल्या कित्येकांना ही वाट ठाऊकच नसते.

कटऑफची ओळ चुकू नका

सीईटी सेलच्या संकेतस्थळावर प्रत्येक फेरीनंतरचे कटऑफ पीडीएफमध्ये असतात. फाइल उघडली, की आकड्यांचं जंगल दिसतं आणि बहुतेक जण ती बंद करून एखाद्या यूट्यूबवाल्याच्या 'टॉप 20' यादीकडे वळतात. तसं करू नका. अर्धा तास द्या, जमतं.

प्रत्येक रकान्यावर एक कोड असतो. समजा लिहिलंय जीओपनएच. त्यातला 'जी' म्हणजे सर्वसाधारण जागा. त्या जागी 'एल' असेल तर मुलींसाठी राखीव. मधला शब्द प्रवर्गाचा. शेवटचं अक्षर सर्वांत महत्त्वाचं आणि सर्वांत दुर्लक्षित: 'एच' म्हणजे होम युनिव्हर्सिटी, 'ओ' म्हणजे त्या विद्यापीठाच्या क्षेत्राबाहेरचे आणि 'एस' म्हणजे राज्यस्तरीय जागा, जिथे हा भेद नसतो. विद्यापीठाशी संलग्न, स्वायत्त नसलेल्या कॉलेजांत बहुतांश जागा त्याच विद्यापीठाच्या क्षेत्रातल्या मुलांसाठी असतात. नाशिकच्या मुलीसाठी पुणे विद्यापीठाच्या कॉलेजचा जो कटऑफ लागू होतो, तो सोलापूरच्या मुलीला लागू होत नाही. मैत्रिणीला मिळालं म्हणून आपल्यालाही मिळेल, हा हिशोब इथेच चुकतो.

मुलगी असेल तर 'एल'ची ओळ जरूर बघा. 30 टक्के जागा मुलींसाठी असतात आणि मुलींचा विचार दोन्ही प्रकारच्या जागांसाठी होतो. काही शाखांत दोन्ही ओळींत चांगलाच फरक दिसतो, काहींत जवळपास काहीच नाही. टीएफडब्ल्यूएस असा वेगळा कोडही दिसेल. ज्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे त्यांच्यासाठीच्या या जागा, तिथे शिकवणी शुल्क माफ असतं. साहजिकच तिथला कटऑफ चढा असतो.

फक्त शेवटच्या फेरीचा आकडा पाहून खूश होऊ नका आणि फक्त पहिल्या फेरीचा पाहून खचू नका. मागच्या दोन-तीन वर्षांच्या सगळ्या फेऱ्या शेजारी शेजारी लिहा, वहीतच लिहा. एखाद्या शाखेचा कटऑफ वर्षावर्षाला खाली येतोय की वर चढतोय, ते मग डोळ्यांना दिसतं. एक बदल ध्यानात असू द्या: एआयसीटीईने 2024-25 पासून एका शाखेतल्या जागांवरची कमाल मर्यादा काढली. त्यानंतर अनेक खासगी कॉलेजांनी कॉम्प्युटर आणि त्याच्या आसपासच्या शाखांच्या जागा वाढवल्या. त्यामुळे तिथे चार वर्षांपूर्वीचा आकडा आज उपयोगाचा नाही.

यादी मधून सुरू करा

बहुतेक घरांत यादी वरून लिहायला घेतात. सीओईपी, व्हीजेटीआय, मग पिक्ट, मग स्पिट... दहा नावं लिहून होतात आणि त्यांतलं एकही आवाक्यात नसतं. सीओईपी किंवा व्हीजेटीआयच्या कॉम्प्युटरचा खुल्या गटातला कटऑफ गेली कित्येक वर्षं 99 च्या वर आहे. 91 वाल्या मुलीने ते नाव लिहिण्यात गैर काही नाही, पण त्यावर आठवडा घालवण्यातही अर्थ नाही.

त्यापेक्षा आधी मधला भाग लिहून काढा. तिच्या आकड्याच्या दोन पर्सेंटाइल वर आणि दोन खाली, म्हणजे 89 ते 93 या दरम्यान तिच्या ओळीतले मागच्या वर्षी बंद झालेले सगळे पर्याय. सगळे म्हणजे सगळे; नाव आवडो न आवडो. ही यादी 40-50 ओळींची होईल आणि त्यात तुम्ही कधी न ऐकलेली किमान पाच कॉलेजं निघतील. तुमचं खरं काम त्या पाचांत आहे. मग त्याच्या वर सात-आठ धाडसी पर्याय जोडा आणि खाली दहा-बारा असे, जे नक्की मिळतील आणि मिळाले तर ती आनंदाने जाईल. या शेवटच्या अटीवर तडजोड नको. जिथे जायचंच नाही ते कॉलेज 'असू दे भर म्हणून' लिहिलं, तर तेच मिळण्याची शक्यता असते.

क्रमाबद्दलची भीती

"वरची कॉलेजं आधी लिहिली तर खालची हातची जातील का?" हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरात विचारला जातो. उत्तर आहे, नाही. तिचा गुणवत्ता क्रमांक आला, की संगणक तिची यादी वरून खाली वाचत जातो आणि जिथे जागा शिल्लक असेल तिथे थांबतो. पहिले आठ पर्याय मिळाले नाहीत म्हणून नवव्यावरचा तिचा हक्क रतिभरही कमी होत नाही. म्हणून क्रम फक्त आवडीचा ठेवायचा, शक्यतेचा नाही.

उलट, घाबरून 'मिळणारं' कॉलेज पहिलं लिहिणं महागात पडतं. 2025-26 च्या नियमांनुसार चार कॅप फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला तर तो आपोआप गोठवला जायचा, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी कोणताही. गोठवला म्हणजे पुढच्या फेऱ्यांत बदल मागता येत नाही. त्यामुळे वरच्या सहांत असं काहीही नको, जे मिळाल्यावर घरात सुतकी शांतता पसरेल. नियम दरवर्षी थोडे बदलतात. यंदाची माहितीपुस्तिका डाउनलोड करून हे एक प्रकरण तरी स्वतः वाचा. कॉलनीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरणारे मेसेज बहुधा मागच्या वर्षीचे असतात.

पर्याय 300 पर्यंत भरता येतात, पण म्हणून 300 भरायची गरज नसते. 91 च्या आसपासच्या मुलीला नीट निवडलेले 50-60 पुरतात. आठ पर्याय भरून निवांत बसणारे मात्र धोक्यात असतात.

शाखा की कॉलेज?

यावर प्रत्येक काकांचं ठाम मत असतं. माझंही आहे, पण अटीसकट.

एकाच कॉलेजात कॉम्प्युटर आणि सिव्हिल यांच्या कटऑफमध्ये कित्येक पर्सेंटाइलचं अंतर असतं. सांगलीचं वालचंद 1947 चं. कराड आणि छत्रपती संभाजीनगरची सरकारी कॉलेजं 1960 ची, अमरावतीचं 1964 चं, नांदेडचं श्री गुरु गोविंदसिंगजी 1981 चं. पुण्या-मुंबईतल्या मुलांना ही गावं लांब वाटतात, म्हणून ती त्यांच्या यादीतच येत नाहीत. या कॉलेजांत जुन्या प्रयोगशाळा आहेत, देशभर पसरलेले माजी विद्यार्थी आहेत आणि सरकारी कॉलेजांत फी खासगीच्या मानाने कितीतरी कमी आहे. 91-95 च्या पट्ट्यातल्या मुलांनी इथल्या मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, सिव्हिल, इन्स्ट्रुमेंटेशन या शाखांच्या ओळी तपासल्याच पाहिजेत. ज्या मुलाला अजून नक्की काय आवडतं ते ठरवता आलेलं नाही, त्याला मी कालपरवा सुरू झालेल्या कॉलेजातल्या एआय-डेटा सायन्सपेक्षा अशा कॉलेजातली मूळ शाखा सुचवेन.

पण जी मुलगी दहावीपासून कोडिंग करते, रात्री जागून स्वतःचं काहीतरी बनवते, तिला केवळ नावासाठी सिव्हिलला पाठवू नका. तिच्यासाठी मधल्या फळीतल्या कॉलेजचं कॉम्प्युटर किंवा आयटीच बरं. 'आत गेल्यावर शाखा बदलता येते' या आश्वासनावर तर निर्णय घेऊच नका. बदलाच्या जागा मोजक्या असतात आणि त्या पहिल्या वर्षात वर आलेल्या मुलांना मिळतात.

प्लेसमेंटचा बोर्ड आणि मधला पगार

कॉलेजच्या फाटकावर '44 लाखांचं पॅकेज' असा फ्लेक्स असतो. ते एका मुलाचं असतं. तुमची मुलगी कॉलेजातल्या सरासरी मुलांसारखी निघाली तर तिला काय मिळेल, हे त्यावरून कळत नाही. ते कळण्याची एक जागा आहे. केंद्र सरकारच्या एनआयआरएफ क्रमवारीसाठी कॉलेजं जी माहिती भरतात, तिची पीडीएफ पुष्कळ कॉलेजांच्या संकेतस्थळावर असते. त्यात किती मुलं पास झाली, कितींना नोकरी लागली, किती पुढे शिकायला गेली आणि मध्यक पगार किती, हे वर्षवार दिलेलं असतं. मध्यक म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमाने लावले तर बरोबर मधला. फ्लेक्सवरचं 44 आणि मध्यक साडेचार, अशी जोडी दिसली तर आश्चर्य वाटून घेऊ नका. तुलना करायची तर मध्यकाशी मध्यकाची.

नॅकची श्रेणी संपूर्ण संस्थेला मिळते, एनबीए मानांकन एकेका अभ्यासक्रमाला. 'आमचं कॉलेज एनबीए आहे' असं सांगितलं, की विचारायचं, कोणती शाखा? आणि कधीपर्यंत?

मग प्रत्यक्ष जाऊन या. शेवटच्या पाच-सहा पर्यायांसाठी एसटीचा एक फेरा वाया जात नाही. स्वागतकक्षात बसू नका, ते सगळीकडे छानच असतं. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची मुलं कॅन्टीनमध्ये भेटतील, त्यांना विचारा: प्रॅक्टिकल खरंच होतात का, गणिताला शिक्षक वर्षभर टिकतात का, हॉस्टेलला पाणी किती वाजता येतं. मुलीला त्यांच्याशी एकटीला बोलू द्या. आईबाबा शेजारी उभे असले, की सगळीच मुलं 'छान आहे काकू' म्हणतात.

खर्चाचा कागद

खासगी कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर दिसते. कॉलेजने सांगितलेला आकडा तिथे ताडून पाहा. समजा फी वर्षाला एक लाख 40 हजार आणि वसतिगृह, मेस, प्रवास मिळून एक लाख 20 हजार; चार वर्षांचे दहा लाख 40 हजार झाले. घराजवळच्या, अर्ध्या पर्सेंटाइलने 'कमी' असलेल्या कॉलेजात तीच मुलगी साडेपाच-सहा लाखांत शिकेल. त्या अर्ध्या पर्सेंटाइलसाठी साडेचार लाखांचं कर्ज काढायचं का, हे तिच्यासमोर बसून ठरवा. मुलांना घरातला पैसा कळत नाही असं आपण समजतो. त्यांना तो कळतो, फक्त कुणी आकडे दाखवत नाही.

सवलती विसरू नका. उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर खुल्या गटातल्या मुलांना राजर्षी शाहू महाराज योजनेतून शिकवणी शुल्काची निम्मी रक्कम मिळते. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना त्याच मर्यादेत 2024-25 पासून शिकवणी आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी आहे. अर्ज महाडीबीटीवर.

आणि देणगी? महाराष्ट्रात कॅपिटेशन फीवर 1987 पासून कायद्याने बंदी आहे. संस्थास्तरावरच्या जागाही जाहिरात देऊन, गुणवत्तेनेच भरायच्या असतात. "दोनच सीट राहिल्यात, आज टोकन द्या" असं कुणी म्हणालं, तर त्याला शांतपणे पावती मागा.

महाराष्ट्राबाहेर राहत असाल तर

इंदूर, बडोदा, बंगळुरू, दिल्लीतली मराठी घरं अनेकदा धरून चालतात, की महाराष्ट्राच्या जागा आता आपल्यासाठी नाहीत. तसं नेहमीच नसतं. मुलाचं शिक्षण बाहेर झालं असलं, तरी आई किंवा वडील महाराष्ट्राचे अधिवासी असतील आणि तसा दाखला असेल, तर टाइप बी उमेदवार म्हणून राज्याच्या जागांसाठी अर्ज करता येतो. सीईटी मात्र द्यावी लागते. सीमाभागातल्या मराठी भाषक मुलांसाठीही वेगळी तरतूद आहे.

दुसरं म्हणजे एनआयटी. तिथे निम्म्या जागा गृहराज्याच्या आणि गृहराज्य ठरतं ते बारावी कुठून केली त्यावर. इंदूरच्या मुलाला भोपाळचं मॅनिट, बडोद्याच्या मुलाला सुरतचं एसव्हीएनआयटी गृहराज्यातून मिळू शकतं. जोसाच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षांच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या रँक असतात, त्यात गृहराज्याची ओळ वेगळी बघा. जेईईला 96-97 पर्सेंटाइल असलेल्या मुलालासुद्धा एखादी मूळ शाखा तिथे दिसू शकते. अट एवढीच, की बारावीला 75 टक्के हवेत किंवा आपल्या बोर्डाच्या पहिल्या 20 पर्सेंटाइलमध्ये नाव हवं; अनुसूचित जाती-जमातींना त्यात सवलत आहे.

कागद आणि पासवर्ड

यादी कितीही विचारपूर्वक केली, तरी नॉन-क्रिमिलेअर, ईडब्ल्यूएस, जात पडताळणी यांपैकी एखादा कागद नसला तर मुलगी खुल्या गटाच्या रांगेत जाते आणि मग यादीतल्या सगळ्या ओळी बदलतात. हे दाखले तहसील आणि समिती कार्यालयांतून यायला आठवडे लागतात, म्हणून निकालाची वाट न बघता परीक्षा संपताच अर्ज करा. नावाचं स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रिकेशी जुळतं का, ते आधीच पाहून ठेवा.

जागा मिळाल्यावर दोन मार्ग असतात: ती गोठवायची किंवा बेटरमेंट मागायचं. बेटरमेंटमध्ये वरचा पर्याय मिळाला, की आधीची जागा आपोआप जाते, ती परत मागता येत नाही. म्हणून पुढच्या फेरीचा पसंतीक्रम भरताना आत्ता हातात असलेल्या जागेपेक्षा खरोखर हवेत तेवढेच पर्याय वर ठेवा.

अर्ज निश्चित करण्याच्या आदल्या रात्री यादीची प्रिंट काढा. एकाने कोड मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने कॉलेज, गाव आणि शाखा ताडून बघायची. सारख्या नावांची कॉलेजं वेगवेगळ्या गावांत असतात आणि चूक तिथेच होते. लॉगिन, पासवर्ड आणि ओटीपी येणारा मोबाइल मुलीच्या हातात ठेवा, सायबर कॅफेवाल्याच्या किंवा 'सगळं करून देणाऱ्या' काउन्सेलरच्या नव्हे. शेवटचं बटणही तिलाच दाबू द्या.